आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया : नागपूरच्या एका रुग्णालयाविषयी सविस्तर अभिप्राय

आमच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची सांधेबदल शस्त्रक्रिया नागपुरातील एका खासगी अस्थिरोग रुग्णालयात झाली. आधी उजव्या गुडघ्याची आणि काही महिन्यांनी डाव्या गुडघ्याची. आम्ही राळेगाव तालुक्यातील, कोरडवाहू कपाशी आणि सोयाबीन करणारे कुटुंब आहोत. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे सुरुवातीलाच नोंदवतो. रुग्ण खेड्यातून आला आहे आणि खेड्यातच परत जाणार आहे, याचा विचार मात्र रुग्णालयाच्या व्यवस्थेत फारसा दिसला नाही, आणि या अभिप्रायाचा मोठा भाग त्याविषयीच आहे. रुग्णालयाचे नाव येथे लिहीत नाही, कारण ज्या उणिवा पुढे येतील त्या इतर ठिकाणी शस्त्रक्रिया झालेल्या नातेवाइकांकडूनही आम्ही जवळजवळ त्याच शब्दांत ऐकल्या आहेत.

आईचे वय अडुसष्ट आहे. निंदणाच्या दिवसांत सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत उकिडवे बसून पुढे सरकत राहायचे, घरी आल्यावर चुलीपुढे पुन्हा तसेच बसायचे, असे तिचे आयुष्य गेले. शेवटच्या काही वर्षांत तिचे दोन्ही पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वाकले होते आणि वावराच्या बांधापर्यंत जायलाही काठी लागत होती. तोपर्यंत आपल्याकडे जे सगळे करतात ते सगळे करून झाले होते : औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या, गावात येणाऱ्या डॉक्टरांकडून गुडघ्यात इंजेक्शन, आणि शेजारच्या म्हातारीच्या सल्ल्याने बिब्बा. या तिन्ही गोष्टींचा हिशेब शस्त्रक्रियेच्या वेळी द्यावा लागतो, हे आधी कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे का, हे आधी तपासावे लागते. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल, तर साधारण तीन महिने जाऊ द्यावे लागतात, कारण त्याआधी शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बिब्ब्याने कातडी उतून जखम झाली असेल, तर ती पूर्ण भरून येईपर्यंत कोणताही जबाबदार शल्यचिकित्सक गुडघ्याला हात लावत नाही.

या रुग्णालयाशी आमचा पहिला संबंध तालुक्याच्या मंगल कार्यालयात भरलेल्या मोफत तपासणी शिबिरात आला. अशा शिबिरांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. तेथे रुग्णाला खुर्चीवर बसवून गुडघा वाकवून पाहिला जातो आणि नागपूरला येण्याची चिठ्ठी हातात दिली जाते. उभ्याने, शरीराचा भार पायावर असताना काढलेला एक्स-रे तेथे नसतो, आणि गुडघ्यातील कूर्चा किती झिजली आहे हे त्या एक्स-रेशिवाय नीट कळत नाही. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट प्रत्यक्षापेक्षा बरी दिसू शकते.

नागपुरातील बाह्यरुग्ण विभागाचा अनुभव मात्र शिबिराच्या अगदी उलट होता. उभ्याने एक्स-रे काढला, डॉक्टरांनी तो आम्हा दोघांसमोर दिव्यावर लावला, आणि आतल्या बाजूला हाडावर हाड कसे टेकले आहे हे आईला बोट ठेवून दाखवले. संपूर्ण गुडघा काढून दुसरा बसवतात, असा गावात समज आहे. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडाचा झिजलेला पृष्ठभाग काही मिलिमीटर जाडीने कापून वरच्या हाडाला धातूचे आवरण, खालच्या हाडाला धातूची तबकडी आणि दोहोंच्या मध्ये उच्च दर्जाच्या पॉलिथिनचा तुकडा बसवला जातो, हे त्यांनी समजावून सांगितले. बहुतेक वेळा हे भाग हाडाला सिमेंटने जोडतात. दोन्ही गुडघे एकाच वेळी करता येतात का, असे मी विचारले, कारण दोनदा मुक्काम, दोनदा रजा आणि दोनदा गाडीभाडे आम्हाला जड जाणार होते. खर्च वाचेल हे मान्य करून डॉक्टरांनी नकार दिला. आईचे वय आणि मधुमेह पाहता एकाच वेळी दोन्ही केल्यास हृदय आणि फुप्फुसांवरचा ताण वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी (एचबीए1सी) आठ टक्क्यांच्या वर आली तेव्हा ठरलेली तारीखही त्यांनी पुढे ढकलली. रुग्णालयाची खाट रिकामी राहणार असताना तारीख पुढे ढकलणारा डॉक्टर माझ्या मते विश्वासाला पात्र आहे.

आता पैशांविषयी. अंदाजपत्रक देणारा कक्ष डॉक्टरांच्या खोलीपासून दूर, तळमजल्यावर आहे, आणि तेथील भाषाही वेगळी आहे. आमच्यापुढे तीन दर ठेवण्यात आले : साधा सांधा, सोनेरी रंगाचा सांधा आणि रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया. साध्या प्रकाराचा एका गुडघ्याचा एकूण खर्च दोन लाखांच्या आत होता, पुढच्या दोन्हींचा त्याहून बराच जास्त. येथे वाचकांना एक गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संपूर्ण सांध्यासाठी 54,720 रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्यासाठी 76,600 रुपये, वर वस्तू व सेवा कर, अशी ती मर्यादा होती. त्याआधी हेच सांधे दीड-दोन लाखांना आणि त्याहूनही महाग विकले जात होते. परंतु ही मर्यादा फक्त सांध्याच्या किमतीवर आहे. शस्त्रक्रियागृहाचे भाडे, शल्यचिकित्सकाचे मानधन, खोली, औषधे आणि ‘किरकोळ साहित्य’ यांवर ती नाही. एका बाजूने दाबलेली रक्कम दुसऱ्या बाजूने वर येते, आणि म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवण्याची मागणी प्रत्येकाने करावी. आम्ही ती केली; कक्षातील कर्मचाऱ्याने थोडी कुरकुर केली, पण बिलात सांध्याचे नाव, प्रकार आणि किंमत स्वतंत्र ओळीत आली.

सोनेरी सांध्याविषयी कक्षात ‘तीस वर्षे पाहायला नको’ असे सांगण्यात आले. तो रंग टायटॅनियम नायट्राइडच्या थराचा असतो, आणि ज्यांना निकेलसारख्या धातूची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी त्याचा विचार करतात. आईला आयुष्यात कधी खोट्या दागिन्यांनी साधी खाजही आलेली नव्हती. शिवाय साधा सांधा काही लवकर बाद होणारी वस्तू नाही : 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, परदेशी नोंदवह्यांवर आधारलेल्या अभ्यासानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के पंचवीस वर्षांनंतरही टिकून होते. रोबोटमुळे हाडाची कापणी अधिक अचूक होते, हे खरे आहे. त्यामुळे रुग्ण पुढील अनेक वर्षे अधिक चांगला चालतो, हे अद्याप तेवढ्या ठामपणे सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी साधा सांधा पुरेसा आहे असे एका वाक्यात सांगितले. तेच वाक्य तळमजल्यावर का सांगितले जात नाही, याचे उत्तर रुग्णालयाने द्यायला हवे. ज्यांनी सोयाबीन विकून पैसे उभे केले आहेत, त्यांच्यासमोर आईच्या पायासाठी ‘चांगले की सर्वांत चांगले’ असा प्रश्न ठेवणे मला अनुचित वाटते.

शस्त्रक्रिया आणि मुक्काम यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण तक्रारीला जागा नव्हती. कमरेत सुई देऊन पाय बधिर केले, आई जागी होती, आणि हातोडीचे आवाज ऐकू आले तरी दुखले नाही, असे तिने नंतर सांगितले. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून तिला उभे केले. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून औषध आणि घट्ट मोजे दिले. परिचारिका तिला ‘आजी’ म्हणत, वेळेवर येत आणि जखमेच्या पट्टीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी हात धूत. जेवण बेचव होते, पण मधुमेही रुग्णासाठी योग्य होते.

खरी अडचण सुटी मिळाल्यावर सुरू झाली. या शस्त्रक्रियेचा अर्धा परिणाम शल्यचिकित्सकाच्या हातून आणि उरलेला पुढील सहा आठवड्यांच्या व्यायामातून येतो. गुडघा पूर्ण सरळ होणे आणि पहिल्या दोन आठवड्यांत नव्वद अंशांपर्यंत वाकणे, ही दोन उद्दिष्टे तेव्हा साधली नाहीत, तर सांधा आखडतो. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात ‘घरी येऊन व्यायाम’ ही सोय समाविष्ट असल्याचे लिहिले होते. ती नागपूर शहराच्या हद्दीपुरती आहे, हे सुटीच्या कागदावर सही करताना कळले. त्याचे पैसे परत मिळाले नाहीत. त्याऐवजी एक इंग्रजी पत्रक मिळाले, ज्यात अर्ध्या चड्डीतील एक गोरा पुरुष उंच पलंगावर रबरी पट्टा ओढताना दाखवला होता.

आमच्या घरी उंच पलंग नव्हता. बाज होती, आणि बाजेच्या झोळात गुडघा वाकलेलाच राहतो. त्यात भेटायला येणारी प्रत्येक बाई मायेने आईच्या गुडघ्याखाली उशी सरकवीत असे. त्याने बरे वाटते, पण गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडू लागतो, म्हणून उशी टाचेखाली ठेवायची असते. स्वच्छ भारत योजनेतून बांधलेले आमचे शौचालय भारतीय पद्धतीचे आहे, आणि बदललेल्या गुडघ्याने तेथे बसता येत नाही. भोक असलेली कमोडची खुर्ची आम्हाला ऐनवेळी यवतमाळहून आणावी लागली. यांपैकी एकही गोष्ट दुर्मीळ किंवा अनपेक्षित नाही. विदर्भातील खेड्यातून येणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या घरी बाज असते, बसके शौचालय असते आणि अंगणात दोन पायऱ्या असतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना एका परिचारिकेने या तीन गोष्टी विचारल्या, तरी रुग्णाचे पुढचे कित्येक दिवस सुसह्य होतील.

पाठपुराव्यासाठी नागपूरला बोलावतात, तो प्रवासही विचारात घ्यावा. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ही मोठी सोय आहे. पण एसटीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते की वॉकरवरच्या बाईला ती चढणे अशक्यच, त्यामुळे प्रत्येक वेळी भाड्याची गाडी करावी लागली. टाके काढण्याचे काम तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकले असते. आम्ही तसे सुचवले, तेव्हा ‘जखम आम्हालाच पाहू द्या’ असे उत्तर मिळाले, आणि ते मला पटले, कारण कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग ही या शस्त्रक्रियेतील सर्वांत महागडी गुंतागुंत आहे; क्वचित होतो, पण झाला तर कधी कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. याच कारणासाठी जखमेतून पाणी येऊ लागले किंवा ताप आला, तर गावात प्रतिजैविके घेऊन वाट पाहू नये, थेट शल्यचिकित्सकाला फोन करावा, असे त्यांनी बजावले होते.

दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी आम्ही या सर्व गोष्टी आधीच मांडल्या, आणि येथे रुग्णालयाच्या बाजूने एक चांगली नोंद केली पाहिजे. तेथील एक तरुण भौतिकोपचारतज्ज्ञ आर्वीकडच्या निघाल्या. ‘आजी, टोंगळा (म्हणजे गुडघा) खाली दाबा, आता टाच वर घ्या’ असे त्यांनी आमच्याच बोलीत सांगत आईचे सगळे व्यायाम माझ्या मोबाइलवर चित्रित करून दिले, आणि वर्ध्यातील एका भौतिकोपचार केंद्राला चिठ्ठी लिहून दिली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा नियम आईला त्या चित्रफितीमुळेच पाठ झाला. दुसरा गुडघा पहिल्यापेक्षा लवकर वाकू लागला. मात्र हे एका व्यक्तीच्या सौजन्याने घडले, व्यवस्थेने नाही. त्या सुटीवर असत्या, तर आम्हाला पुन्हा तेच इंग्रजी पत्रक मिळाले असते.

हंगामाविषयी एक सूचना द्यावीशी वाटते. सोयाबीनची सोंगणी उरकल्यावर आणि उन्हाळा लागण्यापूर्वी शस्त्रक्रिया करून घ्यावी. घरची माणसे तेव्हा थोडी मोकळी असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या उन्हात ते घट्ट मोजे दिवसभर पायात ठेवणे म्हणजे शिक्षाच आहे.

परिणामाविषयी अपेक्षा नेमकी असावी. आईची रात्रीची वेदना गेली, पाय सरळ झाले, ती काठीशिवाय वावरापर्यंत जाते आणि बाजारातून पिशवी घेऊन येते. जखमेच्या बाहेरच्या बाजूचा थोडा भाग बधिर आहे आणि चालताना कधी कधी टक् असा आवाज येतो. दोन्ही गोष्टी सर्वसामान्य आहेत. गुडघा सुमारे एकशेदहा अंशांपर्यंत वाकतो, खुर्चीवरून सहज उठता येते. परंतु उकिडवे बसण्यासाठी लागतो तेवढा तो वाकत नाही, आणि निंदण तिच्यासाठी कायमचे संपले. ‘टोंगळे नवे झाले, पन पंगतीत खाली बसता येत नाही तं मले पाव्हन्यासारखं वाटते,’ अशी तिची तक्रार आहे. ही मर्यादा डॉक्टरांनी आधी सांगितली होती, पण घाईत आणि शेवटी. ज्या बाईची सगळी कामे जमिनीवर बसून होतात, तिला ती सर्वांत आधी सांगायला हवी. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्के लोक परिणामाविषयी असमाधानी राहतात, असे जगभरातील अभ्यासांत आढळते, आणि त्यामागे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतले अंतर हे एक मोठे कारण मानले जाते.

खुब्याच्या सांध्याबद्दल आमच्या घरात अनुभव नाही, पण गावातील एका तिशीतल्या तरुणाचा खुबा त्याच सुमारास एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बदलला गेला, आणि त्याच्यासोबत मी काही वेळा गेलो होतो. त्याला सिकलसेलचा आजार आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींमुळे मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होतो, हाड मरते आणि ढासळते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने आपल्याकडे म्हातारपणाच्या झिजेशिवाय तरुणांचेही खुबे बदलावे लागतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी रक्त द्यावे लागू शकते आणि शस्त्रक्रियेच्या काळात शरीरात पाणी, ऊब आणि प्राणवायू कमी पडू नये याची दक्षता घ्यावी लागते. ती तेथे काटेकोरपणे घेतली गेली. सगळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाकडे, नोंद केली आणि शस्त्रक्रियेसाठी पैसे द्यावे लागले नाहीत. त्याला प्रतीक्षा मात्र फार करावी लागली, योग्य मापाचा सांधा उपलब्ध नाही म्हणून दाखल होऊनही एकदा परत यावे लागले, आणि वॉर्डातील शौचालयाबद्दल न लिहिणेच बरे. खाली बसू नये, पायावर पाय टाकू नये, कमरेतून नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकू नये, या खुब्याच्या सूचना त्याला निवासी डॉक्टरने स्वच्छ मराठीत, दोनदा वदवून घेऊन सांगितल्या. आमच्या पैसे मोजून घेतलेल्या पत्रकापेक्षा ते कितीतरी सरस होते.

सांध्याच्या खोक्यावर कंपनी, माप आणि क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती सुटीच्या कागदावर लावून घ्यावी. ऑगस्ट 2010 मध्ये डीप्यू कंपनीने आपले एएसआर हे धातूवर धातू घासणारे खुब्याचे सांधे जगभरातून परत मागवले, तेव्हा भारतात ते बसवलेल्या अनेक रुग्णांचा मागच लागू शकला नव्हता. आमच्या रुग्णालयाने ती चिकटपट्टी न मागता लावून दिली. शासकीय रुग्णालयात ती मागावी लागली, पण मिळाली.

माझे मत विचाराल तर, योजनेची कागदपत्रे पूर्ण असतील आणि काही महिने थांबणे शक्य असेल, तर आधी शासकीय किंवा योजनेतील रुग्णालयात चौकशी करावी. तेवढा वेळ नसेल, तर या खासगी रुग्णालयातील शल्यचिकित्सकांकडे निःशंकपणे जावे. तळमजल्यावरील कक्षात मात्र साध्या सांध्याचाच दर लेखी मागावा, व्यायामाची सोय तुमच्या गावापर्यंत आहे का हे सही करण्यापूर्वी विचारावे, आणि नसेल तर ती रक्कम वजा करून घ्यावी. बाह्यरुग्ण विभागात सोमवारी शिबिरांतून आलेल्या रुग्णांची गर्दी असते. बुधवारी किंवा गुरुवारी गेल्यास डॉक्टर निवांत बोलतात.